आकडा नसलेली काच

१

कागद कापायच्या मशीनचा पडदा गेला, की मालक फोनवर साधारण एकच वाक्य बोलतात, "अहो, काहीच दिसत नाही." छोटूचं वाक्य मात्र वेगळं होतं.

"मला काही दिसत नाही," तो म्हणाला, "पण ताई म्हणते, तिला दिसतं."

मी छपाईच्या मशीनांची इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करतो. या धंद्यात सव्वीस वर्षं गेली. अंगापिंडाने धडधाकट असलेलं मशीन आणि त्याचा तेवढा पडदा म्हातारा झालेला, हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक. जुन्या मशीनला हिरवे आकडे दाखवणारी जाड काचेची नळी असते, जुन्या टीव्हीसारखी. तशी नळी आता कुठे मिळत नाही. मी ती काढतो, जागेवर सपाट पडदा बसवतो आणि मधे एक छोटं कार्ड टाकतो. ते कार्ड जुन्या मशीनची भाषा नव्या पडद्याला समजावून सांगतं. दीड दिवसाचं काम. एकदा बघायला जायचं, दुसऱ्या खेपेला सामान घेऊन जायचं.

छोटू म्हणजे पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चांगला आडवा माणूस. पण त्याच्या छापखान्यात धाकट्यातला धाकटा कामगारही त्याला छोटूशेठच म्हणायचा, कारण ताई त्याला छोटू म्हणायची आणि तिथे ताईचा शब्द शेवटचा. ताई त्याची मोठी बहीण. कटिंगची खोली तिची. वडिलांच्या वेळेपासून वह्या, पत्रकं, डब्यांची लेबलं, जे काही त्या छापखान्यातून बाहेर पडलं त्याच्या चारही कडा तिच्या हातच्या.

"तिचे डोळे गेलेत, मिस्त्री," छोटू मला बोळातून मागे नेताना हळूच म्हणाला. "कबूल करत नाही. नवा पडदा बसवा, मोठ्या आकड्यांचा. म्हणजे कोणीही चालवेल. मीसुद्धा. तिला जरा बसवता येईल."

२

कटिंगची खोली बोळाच्या टोकाला होती. लांबट, पांढरी, एका बाजूला दुधी काचांची खिडकी. मधोमध मशीन. हिरवा रंग कडांना घासून खालचं लोखंड दिसायला लागलेलं, पण टेबल असं चकचकीत की त्यावर कागदाचा गठ्ठा ठेवला तर तो आपणहून सरकेल असं वाटावं. मी बरीच मशीनं बघतो. टेबलावरून मला माणूस कळतो. हे टेबल बघून मी दारातच चपला काढल्या.

ताई एका बुटक्या लाकडी फळीवर उभी होती. साठीच्या अलीकडची, बारीक, केस घट्ट बांधलेले, अंगावर मळखाऊ ॲप्रन. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि काम चालूच ठेवलं. मी बघत उभा राहिलो, कारण तसं बघायला रोज मिळत नाही.

ती पाचशे कागद उचलायची, एका कोपऱ्याला धरून वाकवायची, सोडायची. कागदांत वारा शिरायचा आणि सुर्रर्र असा आवाज यायचा. मग दोन बाजूंनी तीन हलक्या थापा. गठ्ठा विटेसारखा सरळ. तो मागच्या पट्टीला टेकवायचा, बोटांनी बटणं दाबायची आणि मान किंचित वर करून पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणायचं, "दोनशे दहा. आलं." दोन हातांनी दोन बटणं. कागद घट्ट धरणारा दाब खाली, पातं खाली, पातं वर. मग पुन्हा एकदा पडद्याकडे एक नजर आणि मगच हात पात्याखाली. कापलेला गठ्ठा बाहेर.

पडदा मशीनच्या डोक्यावर, टेबलाकडे झुकवून बसवलेला होता. काळा ठिक्कर. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. काळा. गुडघ्यात वाकून तिच्या उंचीवर आलो. तरी काळा. काचेत टेबल दिसत होतं, पातं दिसत होतं, तिचे हात दिसत होते. आकडा नव्हता.

"एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच," ताई म्हणाली. "आलं."

मी तो गठ्ठा मागून घेतला आणि माझ्या मापाने मोजला. एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच मिलिमीटर. वरचा कागद, मधला कागद, खालचा कागद. केसाचा फरक नाही.

छोटूने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघा, मी म्हणत नव्हतो?

३

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करून मी पडद्याची पेटी उघडली.

आत धूळ जमली होती. ती अशी की बोट लावलं तर चादरीसारखी सुटून आली. त्याखाली नळी. नळीची मान तुटलेली होती. काचेची ती बारीक मान तुटली की आत हवा शिरते आणि विषय संपतो. मंद दिसणं, अधूनमधून दिसणं, एका बाजूने दिसणं यातलं काहीच उरत नाही. वीज देणारी तारही काढून टोकाला टेप गुंडाळून ठेवली होती. पेटीच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली. माझ्याच धंद्यातल्या कोणाचं तरी अक्षर: 'नळी फुटली आहे. नवीन मिळत नाही. जोडणी काढली.' खाली तारीख. मी ती दोनदा वाचली.

नऊ वर्षं झाली होती.

"छोटूला सांगू नका," मागून आवाज आला. ताई डबा धुऊन आली होती, हात ॲप्रनला पुसत होती.

"ताई, या पडद्यावर नऊ वर्षं काहीही उमटलेलं नाही."

"माहीत आहे की."

"मग तुम्ही वाचता काय?"

ती हसली. "वाचत नाही हो. बोलते. छोटू बोळातून ऐकत असतो. आकडा ऐकला की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. नाहीतर त्याने हे मशीन तेव्हाच विकलं असतं आणि आणलं असतं एखादं खेळण्यासारखं."

मी विश्वास ठेवला नाही, असं माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिने मशीन चालू केलं आणि म्हणाली, "सांगा आकडा." मी सांगितला. तिने माझ्याकडे बघत बघतच बटणं दाबली. मागची पट्टी सरकायला लागली. "ऐका. मोटर आधी पळते. मग दमते. मग जरा मागे येऊन बसते. बसली की एक बारीक टक् होतो. तो टक् कोरडा आला तर माप बरोबर. ओला आला तर एक-दोन दशांश कमी, पट्टी पुन्हा पाठवायची."

"ओला म्हणजे?"

"ओला म्हणजे ओला. आता कसं सांगू?"

मी सात आकडे सांगितले. तिने साती ठिकाणी पट्टी नेली आणि साती वेळा, मी मोजायच्या आधी, कोरडा की ओला ते सांगितलं. सातवा ओला होता. मोजलं तर एक दशांश कमी.

मी सव्वीस वर्षांत पुष्कळ कारागीर बघितले आहेत. त्यातल्या दोघा-तिघांना मनातल्या मनात नमस्कार केला आहे. त्या दिवशी मी तो उघड केला. ताईने तो हातानेच उडवून लावला, माशी उडवावी तसा.

"बसवा तुमचा पडदा," ती म्हणाली. "छोटूला हौस आहे. पण हा जुना लगेच टाकू नका."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला मी हे सगळं रंगवून सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. माझ्या गोष्टी ती वह्या तपासत ऐकते आणि चूक सापडली की लाल पेनने खूण करावी तसं बोलते.

"म्हणजे तिला आकडे पाठ आहेत आणि माप कानाने कळतं."

"हो!"

"आणि आकडा ती भावासाठी मोठ्याने बोलते."

"तेच तर सांगतोय."

"आकडा बोलायला एकदा वर बघते, हे समजलं. पण तू म्हणालास ती पुन्हा एकदा बघते. हात घालायच्या आधी. तेव्हा तर ती काही बोलत नाही." तिने वही मिटली. "मग तेव्हा ती काय बघते?"

मी म्हणालो, सवय. नऊ वर्षांपूर्वी पडदा चालू होता तेव्हाची सवय असणार.

"असेल," बायको म्हणाली. पण मला ती खूण लागली ती लागलीच.

५

चार दिवसांनी मी सामान घेऊन गेलो. सकाळी दहाला सुरुवात केली, दुपारी दोनला नवा पडदा उजळला. खरंच देखणा दिसत होता. स्वच्छ पांढरे आकडे, तळहाताएवढे. छोटू इतका खूष झाला की चहा घेऊन स्वतः आला. जुनी पेटी मी खिडकीखालच्या मेजावर ठेवली, तोंड खोलीकडे करून.

"ताई, कर सुरुवात," छोटू म्हणाला.

ताई फळीवर चढली. गठ्ठा सरळ केला, टेकवला. "दोनशे दहा," ती म्हणाली आणि या वेळी समोर खरोखरच दोनशे दहा लिहिलेलं होतं. बटणं. दाब, पातं, पातं वर. तिने मान वर केली.

आणि तिचा हात हवेतच थांबला.

एक सेकंद असेल. मग तिने हात मागे घेतला, कोपऱ्यातली लाकडी फूटपट्टी आणली आणि हाताऐवजी त्या फूटपट्टीने गठ्ठा बाहेर ओढला. पुढच्या कापाला पुन्हा तेच. वर बघायची, आकडा बघायची आणि एखाद्याला विचारलेल्या प्रश्नाचं भलतंच उत्तर मिळावं तसा तिचा चेहरा व्हायचा. पंधरा मिनिटांत तिने पूर्वीच्या निम्मंही काम केलं नाही.

"चमकतं का डोळ्यांवर? उजेड कमी करू?" मी विचारलं.

"नाही. छान आहे," ती म्हणाली. "आकडा अगदी छान दाखवतो."

"मग?"

"एवढंच दाखवतो."

छोटूने माझ्याकडे बघितलं. तिला वाईट वाटलंय, अशा अर्थाचं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. ताई फळीवरून उतरली, ॲप्रनचं टोक हातात घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन त्या जुन्या काचेवरची धूळ पुसायला लागली. आमच्याकडे पाठ करून, सावकाश, एखाद्या आजाऱ्याचं तोंड पुसावं तशी.

६

जे झालं ते मी नंतर बऱ्याच जणांना बऱ्याच वेळा सांगितलं आहे. इथे मी ते जसं झालं त्याच क्रमाने सांगतो.

छोटू फळीवर चढला. "मला शिकवा, मिस्त्री. आता काय, लहान पोरही चालवेल." त्याने बाह्या सारख्या केल्या. निळ्या रेघांचा पांढरा शर्ट होता, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. त्याने आकडा टाकला, पट्टी सरकली, पडद्यावर आकडा आला. त्याने दोन हातांनी दोन बटणं दाबली. दाब, पातं, कागद कापल्याचा तो जाड आवाज, पातं वर. मी पातं वर गेलेलं बघितलं. पूर्ण वर, जागेवर. हे मी शपथेवर सांगेन.

"बघ ताई, जमलं!" छोटू म्हणाला.

ताईने बघितलं का, म्हणून मी तिच्याकडे मान वळवली. ती वाकलेली होती, हातात ॲप्रनचं टोक. तिच्या खांद्यावरून मला ती काळी काच दिसली. नुकती पुसल्यामुळे ती आरशासारखी झाली होती. तिच्यात आमची खोली होती. मशीन, टेबल, कागदाचा गठ्ठा. मी होतो, छोटू होता.

काचेत पातं खाली होतं.

पात्याच्या अलीकडे निळ्या रेघांची एक बाही होती. कोपरापासून सुरू झालेली, आणि मनगटापर्यंत न पोचलेली.

मला त्याचा अर्थ लागायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ताई वळली होती. ती ओरडली नाही. ओरडायला वेळ लागतो. तिने तीन ढांगांत खोली ओलांडली, छोटूची कॉलर मागून दोन्ही हातांनी धरली आणि स्वतःच्या दुप्पट वजनाच्या त्या माणसाला फळीवरून मागे खेचलं. दोघंही जमिनीवर पडली. छोटूचा हात गठ्ठ्यावरून निसटताना वरचे चार कागद त्याच्या बोटांबरोबर उडाले.

तेव्हा पातं खाली आलं.

कोणीही बटण दाबलेलं नव्हतं. माझे हात माझ्या मागे होते. पातं आलं, गठ्ठ्यावर टेकलं, रिकाम्या जागेत आपलं काम केल्यासारखं क्षणभर थांबलं आणि परत वर गेलं. चार कागद तरंगत तरंगत जमिनीवर आले. नव्या पडद्यावर अजून छोटूने टाकलेला तोच आकडा होता, ठळक, पांढरा आणि बरोबर.

खाली पडलेल्या छोटूने आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग ताईकडे. आणि तो पन्नाशीचा माणूस पाच वर्षांच्या मुलासारखा तिच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागला.

"झालं, झालं," ताई त्याच्या टकलावरून हात फिरवत म्हणाली. "आहे ना हात? मग झालं."

७

मी मुख्य स्विच बंद केला. एकदा हातात पाना आला की मला बरं वाटतं. खालची झाकणं उघडली.

कागद कापायच्या मशीनचं पातं एका दाबण्यात एकदाच यावं, याची दोन ठिकाणी सोय असते. एक ब्रेक, आणि तो दगा देईलच असं धरून बसवलेला एक जाड पोलादी खिळा. समोर प्रकाशकिरणांचा एक अदृश्य पडदाही असतो. त्यात हात गेला की वीज तुटते, पण पातं ओढणाऱ्या फिरत्या जड चाकाला विजेचं काय. त्याला तो खिळाच अडवतो. इथे ब्रेक तेलकट झालेला होता. खिळ्याचं टोक झिजून गुळगुळीत, बोरासारखं गोल. बहुतेक वेळा अडायचा. कधीतरी घसरायचा.

"हे पहिल्यांदा झालं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"नाही," ताई म्हणाली. छोटूला तिने बाहेर पाठवलं होतं. "वर्षातून दोनदा. एखाद्या वर्षी तीनदा."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"ती चिठ्ठी लिहिणाऱ्या मिस्त्रीला सांगितलं होतं. त्याने शंभरदा चालवून बघितलं. एकदाही पातं दुसऱ्यांदा आलं नाही. म्हणाला, बाई, दमलात तुम्ही, भास झाला असेल. खालचं झाकणसुद्धा उघडलं नाही त्याने. मग दुसऱ्यांदा सांगावंसं वाटलं नाही. आणि तोपर्यंत मला कळायला लागलं होतं."

"कसं?"

तिने खिडकीकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

"तो गेल्यावर चारएक दिवसांनी. हात घालणार, तेवढ्यात वर नजर गेली, तर काचेत पातं खाली. म्हटलं, असं कसं, आत्ता तर वर गेलं. म्हणून हात तसाच धरला. आणि ते आलं." तिने ॲप्रनच्या सुरकुत्या सारख्या केल्या. "तेव्हापासून काचेला विचारून हात घालते. नऊ वर्षांत एकदाही खोटं बोलली नाही."

मी तिला म्हणालो की घसरायच्या आधी खिळ्याचा काहीतरी बारीक आवाज होत असणार. जो कान मोटरचा ओला टक् ओळखतो, त्याने तो ऐकला असणार, तिच्याही नकळत. मनाने ती गोष्ट काचेत घातली असेल. डोळे आणि कान असे खेळ करतात.

"असेल," ताई म्हणाली. अगदी माझ्या बायकोसारखी.

"आज तुम्ही वळलात ते आवाज ऐकूनच."

"असेल हो. तुम्ही काय ऐकलंत?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. घरी जाताना मी स्वतःला समजावलं की काचेत मी बघितलं ते आधीच्या कापाचं पातं होतं, डोळ्यांत राहून गेलेलं. पण आधीच्या कापाला छोटूचे दोन्ही हात बटणांवर होते. बाही टेबलावर नव्हतीच. हा हिशेब मी कितीही वेळा मांडला तरी तसाच येत होता.

८

नवा खिळा मी स्वतः समोर उभं राहून घडवून घेतला. ब्रेकचं अस्तर बदललं, चाकाची पकड बदलली, आणि आधीच्या मिस्त्रीने घेतली त्याच्या दहापट परीक्षा घेतली. हजार वेळा मशीन चालवलं. ताई शेजारी स्टुलावर बसून ऐकत होती. सातशेच्या आसपास ती म्हणाली, "आता आवाज भरला." हजार झाल्यावर तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला.

छोटूने ताईला बसवायचं बोलणं त्यानंतर काढलं नाही. त्याने एका मुलीला कामावर घेतलं, चांगली तिशीची, हुशार, आणि तिला ताईच्या हाताखाली दिलं. "आकडा बघायला पडदा आहे," ताई तिला पहिल्या दिवशी सांगत होती, "पण आधी डोळे मिट आणि ऐक. कोरडा आला की ओला?" मुलगी म्हणाली, "कोरडा?" ताई म्हणाली, "अंदाज नको. ऐक." मी पडद्याचे शेवटचे स्क्रू आवळत होतो. मला त्या मुलीचा हेवा वाटला.

जुनी काच राहिली होती.

"घेऊन जा," ताई म्हणाली. मला वाटलं होतं ती ठेवून घ्यायला सांगेल. "मशीन आता सरळ झालंय. सरळ मशीनपाशी ती नको. मी तिच्याकडेच बघत राहीन. आणि ही पोरगी माझं बघून शिकेल."

"भंगारात देऊ?"

तिने विचार केला. "ते तुम्ही ठरवा. पण तोंड झाकून द्या."

मी पेटी उचलली. अशी पेटी जड असते. ती पोटाशी धरून चालावं लागतं, आणि काच माझ्याकडे होती. दारापाशी पोचलो तेव्हा माझी नजर खाली गेली. जाऊ द्यायची नव्हती, पण गेली.

काचेत माझ्या खांद्यामागची खोली होती. खिडकी, मशीन, स्टुलावर ती मुलगी. फळीवर ताई. तिने दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर केले होते, पंजे उघडे, बोटं ताणलेली, आणि ती हसत होती, दात दिसतील एवढं.

मी वळलो. ताई वाकून गठ्ठ्याला थापा मारत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

मी उभा राहिलो. तिने गठ्ठा टेकवला, आकडा टाकला. दाब, पातं, पातं वर. हात आत, गठ्ठा बाहेर. दुसरा गठ्ठा. तिसरा. बाहेर छोटू गाडीचं दार धरून माझी वाट बघत होता. ती काच किती पुढचं दाखवते हे मला माहीत नव्हतं. आतापर्यंतचा अनुभव एका श्वासाचा होता. पण एक श्वास केव्हाच होऊन गेला होता. चौथा गठ्ठा झाला. मनात आलं, हिने हात वर केले नाहीत तर? म्हणजे मी इथून निघालो आणि नाहीच केले, तर काय समजायचं?

ताईने मान वर केली. "काय हो मिस्त्री, काही राहिलं?"

"नाही," मी म्हणालो. मग मला राहवलं नाही. "ताई, हात दाखवा बघू."

"हात?"

"दोन्ही. वर करा."

ती मुलगी हसायला लागली. ताईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी समजल्यासारखी तीही हसली. दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर केले, पंजे उघडले, बोटं ताणली.

दहा. मी एकेक करून मोजली.

माझ्या पोटाशी ती काच होती, माझ्याकडेच तोंड करून. आता तिच्यात काय आहे ते मी बघितलं नाही. मोजून झाल्यावर मी पेटी हातातल्या हातात फिरवली, काच बाहेरच्या बाजूला केली, आणि समोर बघत बोळातून चालत सुटलो.